एर्विन फावडं लावत नाही

बितोममध्ये आमच्या बागांची जमीन
दर वर्षी बोटभर खचते.
खाली कोळशाच्या रिकाम्या गल्ल्या आहेत.
माझ्या तुकड्याचा एक कोपरा आता इतका कललाय
की पाऊस सरळ तिथेच येऊन बसतो.
"तिथे आयरिस लाव," ट्रुडा कुंपणावरून म्हणाली,
"पाण्याशी भांडू नये."
ती स्वतः बाकी सगळ्यांशी भांडते.

एप्रिलमध्ये हा तुकडा माझ्या नावावर झाला
आणि त्याच दुपारी सल्ले यायला लागले.
झेनेक कबुतरं पाळतो. तो बादली घेऊन आला,
वर्षभर मुरवलेली घाण, वर झाकण.
"ताजी घालशील तर मुळं भाजतील.
माझ्या पहिल्या बायकोने..."
पुढचं त्याने सांगितलंच नाही.

हालिनाने लोणच्याची रिकामी बरणी दिली.
अर्धी माती, वर पाणी, दणकून हलव,
आणि रात्रभर तिला अजिबात हात लावू नकोस.
सकाळी थर बसले होते:
तळाशी वाळू, मग गाळ,
मग चिकणमातीचा सायीसारखा पदर,
आणि पाण्यावर तरंगणारं काळं काहीतरी.
"हा कस ना मातीचा?" मी हरखून विचारलं.
"कोळसा," हालिना म्हणाली.
"आमच्या वाळत घातलेल्या चादरीतही निघायचा."

ट्रुडा दोन फावडी खोल खणते,
ढेकूळ दिसलं की त्याचा अपमान झाल्याशिवाय सोडत नाही.
तिचे वाफे कंगव्याने विंचरल्यासारखे.
आणि तिच्या शेजारी एर्विन,
जो खणतच नाही.

एकतीस वर्षं तो सातशे मीटर खाली होता.
"तुम्ही माती वरून बघता," तो म्हणतो,
दोन वाक्यांमध्ये श्वास गोळा करत,
"मी खालून पाहिली आहे.
छताला उगाच हात लावू नये."

तो पुठ्ठे पसरतो.
केळ्यांचे, टीव्हीचे, नातीच्या सायकलचे.
आधी चिकटपट्टी नखाने सोलून काढतो, दुपारच्या दुपार,
मग पुठ्ठा भिजवतो,
मग त्यावर पानं, गवत, चहाचा चोथा.
"गांडुळांना आमंत्रण द्यायचं नसतं.
फक्त पान वाढून ठेवायचं."

मे महिन्यात आम्ही गांडुळं मोजली.
वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर खोल.
माझ्याकडे तीन.
ट्रुडाकडे अकरा, तिने ती दोनदा मोजायला लावली.
एर्विन म्हणाला, मोजायला खणावं लागेल.

ऑगस्टमध्ये त्याचे डेलिया
माणसाच्या डोक्याएवढे झाले, गर्द लाल,
आणि ट्रुडा तीन दिवस कुंपणाकडे पाठ करून काम करत होती.

मग ऑक्टोबर. एकाच रात्रीत हिम पडलं,
डेलियाची पानं उकडल्यासारखी काळी लोळली.
कंद आता काढायलाच हवे होते,
नाहीतर जमिनीतच कुजतात.
एर्विन तेव्हा इस्पितळात, नाकात नळी.

ट्रुडा फावडं घेऊन त्याच्या फाटकातून आत शिरली.
मी बघत होते.
वाफ्याच्या कडेशी ती थांबली बराच वेळ.
मग फावडं वाटेवर आडवं ठेवलं,
गुडघ्यांवर बसली, अडुसष्ट वर्षांची बाई,
आणि दोन्ही हातांनी, कंदाच्या मानेला धक्का न लावता,
एकेक सोडवत गेली.
माती रव्यासारखी तिच्या बोटांतून सुटत होती.
"किती?" मी विचारलं. मला गांडुळं म्हणायचं होतं.
"चाळीसनंतर मोजणं सोडलं," ती म्हणाली.
"त्याला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही.
रविवारी गेले, तर त्यानेही कंदांचं विचारलं नाही,
स्वतःच्या फुप्फुसांचंही काही बोलला नाही.
नळीमागून एवढंच म्हणाला:
"नवे पुठ्ठे टाकले असतील तिने.
चिकटपट्टी काढली का बघ."